चारही ग्लासांत एकच

बार्ड्सटाउन, केंटकी
१४ एप्रिल २०१८

एमेट,

खुशाली विचारत नाही, कारण ती सांगायला तू फोनवर येत नाहीस. तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा कॅरोलिननं उचलला आणि "बाबा बागेत आहेत, लेलंडकाका" म्हणाली. मार्च महिन्यात, बर्फ पडत असताना, मेरीलँडमध्ये माणूस बागेत काय करतो? तुझ्या मुलीला खोटं बोलता येत नाही. तिच्या आईला, रूथलाही, कधी जमलं नाही.

मुद्द्यावर येतो. ३ मार्चच्या शनिवारी जे झालं ती थट्टा होती. एकोणीस वर्षं महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारचं जेवण उरकून आपण माझ्या घरामागच्या शेडमध्ये बसतोय. तू, मी, डॉट हेगन आणि फादर ऑस्टिन. इतक्या वर्षांत कुणी कुणाची फिरकी घेतली नाही असा एक शनिवार दाखव. मी चाळीस वर्षं पिंपांच्या कारखान्यात ओकच्या फळ्या तासल्या, तरी फादरनं पिशवीत झाकून आणलेली टेनेसीची व्हिस्की पिऊन "हे आपल्याच काउंटीचं पाणी, शपथेवर सांगतो" म्हणालो होतो. तेव्हा तू हसून हसून खुर्चीसकट मागे कलंडलास. मी गाव सोडून गेलो का? घरी गेलो, नॉर्मानं आणखी दोन टोमणे मारले, ते खाल्ले आणि झोपलो.

नियम तूच घातलेस. बाटल्या कागदी पिशव्यांत. ओतणाऱ्यानं त्या दिवशी प्यायचं नाही. कुठल्या ग्लासात काय ते चवीवरून ओळखून सगळ्यांची कार्डं लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. त्या शनिवारी ओतायची पाळी माझी होती. "दोन मक्याच्या बर्बन, दोन राय धान्याच्या" असं मी जाहीर केलं आणि चारही ग्लासांत एकच बर्बन ओतली, दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असते ती. एवढाच माझा गुन्हा.

डॉटनं कार्डावर लिहिलं, "चारही सारख्याच लागतायत, माझ्या तोंडाला आज काहीतरी झालंय." फादरनं दुसरीला राय म्हटलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. आणि तू, सिकॅमोर लिक डिस्टिलरीत दर मंगळवारी-गुरुवारी पिंपं हुंगायला ज्याला बोलावतात तो एमेट बिकेट, चार कार्डं गच्च भरून लिहीत बसलास. एकीत शेपू आणि पुदिना, एकीत चेरीच्या झाडाची साल, एकीत जुनं चामडं. मी पिशव्या काढल्या आणि एकाच छापाच्या चार बाटल्या टेबलावर उभ्या राहिल्या.

हसू आलं, हसलो. फादरही हसले. डॉट म्हणते ती हसली नाही, पण मी तिला पाहिलंय. तू काही बोलला असतास, मला दोन शिव्या घातल्या असत्यास, तर तिथेच मिटलं असतं. तू टोपी घातलीस, आपली खुर्ची घडी करून भिंतीला लावलीस आणि गेलास. दहा दिवसांनी तुझ्या घराला कुलूप, आणि तू मुलीकडे. एवढा राग नाकाच्या शेंड्यावर घेऊन माणूस सत्तरीला पोचतो कसा?

आणि एक सांगून ठेवतो. ही गोष्ट शेडच्या बाहेर गेलेली नाही. माझ्या तोंडून तरी नाही.

ऑक्टोबरात आपण चौघं मिळून दरवर्षी विकत घेतो ते पिंप निवडायचंय. तोवर राग गिळ आणि ये.

लेलंड


२७ मे

एमेट,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मीही हट्टी आहे, लिहीत राहीन.

या महिन्यात ओतायची पाळी डॉटची होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे आम्हाला अजून ती पहिलीच्या पोरांसारखं रांगेत बसवते. दोन बर्बन, दोन राय आणल्या होत्या, खरोखरच्या. पहिली बर्बन चांगली होती. मक्याच्या पावाची खरपूस कड आणि वर साखर करपल्याचा वास. दुसरीत नुसतंच लाकूड, पिंपातून वेळेवर काढली नव्हती. पिंप माझ्याच जुन्या कारखान्याचं असावं, मला आतून जाळलेल्या फळीची खूण पटली. तिसरी राय, तिखट, जिभेच्या टोकाला मिरे चावल्यासारखी. चौथीपाशी मी अडकलो. राय आहे हे कळत होतं, पण आत काहीतरी गोड होतं आणि त्याचं नाव येईना. सवयीनं मान तुझ्या बाजूला वळली. तिथे खुर्ची भिंतीला टेकवलेली.

मग नेहमीचा वाद झाला. डॉट म्हणाली, "बर्बन म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई. सगळ्यांशी गोड गोड. राय तोंडावर बोलते, म्हणून मला आवडते."

"डॉट, तुझ्या नवऱ्याला, जीनला, तू बर्बनच पाजायचीस," मी म्हटलं.

"त्याला गोड बोलायला शिकवत होते. नाही जमलं मला."

फादर म्हणाले, "दोन्ही देवाचीच लेकरं. पण एकाला घरात जरा जास्त लाडावून ठेवलंय." उपवासाच्या चाळीस दिवसांत त्यांनी यंदा केक सोडला होता, व्हिस्की नाही. तो केक ईस्टरपासून ते वसूल करतायत. बसल्या बैठकीला नॉर्माचे तीन तुकडे संपवले.

मग डॉटनं बाटली खाली ठेवली आणि मला विचारलं, "डिस्टिलरीच्या वेन्डलनं एमेटला यायला नको म्हणून सांगितलं, हे तुला ठाऊक आहे?"

मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. एवढं तरी मान. सिकॅमोर लिकवाल्यांनी तुला फोन करून, अगदी गोड आवाजात, "आता आराम करा" म्हणून सांगितल्याचं मला मे महिन्यात कळलं.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली नाही. ते पत्र नॉर्मानं टपालात टाकण्याआधी वाचलं होतं. तेव्हा काही बोलली नाही. काल बोलली. "तो खोटेपणा घरात ठेवून मला जेवण जात नाही," म्हणाली. तर ऐक. ९ मार्चच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. तिथे मी एका माणसाला ती गोष्ट सांगितली. नॉर्मा पाठीमागून वाचतेय आणि म्हणतेय, खरं लिही. बरं. अख्ख्या टेबलाला सांगितली. अकरा माणसं होती. उभं राहून सांगितली. तू कार्ड लिहिताना डोळे मिटतोस ते करूनही दाखवलं. वेन्डलचा मेहुणा समोरच बसला होता आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता.

तो वेन्डलचा मेहुणा आहे हे मला माहीत होतं. घे, हेही लिहिलं.

लेलंड


८ जुलै

एमेट,

कॅरोलिनचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलंय म्हणते, तेव्हा तिला रागावू नकोस. जानेवारीतल्या तापात तुझं नाक गेलं ते परत आलंच नाही, असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात येईल कदाचित, कदाचित नाही. कॉफी आणि गरम पाणी यांत तुला आता फरक कळत नाही. सकाळी तू टोस्ट करपवतोस आणि तसाच खातोस. नात तुझ्या कुशीत येऊन बसते तेव्हा तिच्या केसांत नाक खुपसतोस आणि मग बाहेर निघून जातोस.

हे वाचून मी स्वयंपाकघरात तासभर बसलो. मग नॉर्माचा कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आणला, नाकाला लावला आणि दोन ग्लास ओतले, एकात बर्बन, एकात राय. सकाळचे अकरा वाजले होते. नॉर्मा दारात येऊन उभी राहिली.

"काय चाललंय हे?"

"बघतोय," मी म्हटलं. चिमट्यामुळे आवाज बदकासारखा निघाला. एरवी ती हसली असती.

काही नव्हतं, एमेट. नुसती आग, आणि आगीच्या मागे जरासा गोडवा. राय थोडी जास्त टोचते असं वाटलं, पण ते मला आधी ठाऊक होतं म्हणून वाटलं असेल. मका नाही, व्हॅनिला नाही, लाकूड नाही. चाळीस वर्षं ज्या ओकच्या भुशात काम केलं तो ओक नाही. चिमटा काढला आणि सगळं एकदम परत आलं, आणि मला रडू फुटलं. मी तुझ्यासाठी रडत होतो. निम्मं माझ्यासाठी असेल, मला सांगता येत नाही.

तू जानेवारीपासून असा जगत होतास. आणि असा असताना दर मंगळवारी-गुरुवारी वेन्डलच्या गोदामात जाऊन पिंपांपाशी वाकून उभा राहत होतास. तेव्हा काय वाटत असेल तुला?

आता तुझ्या कार्डांबद्दल. ती चार कार्डं मी ठेवली होती. का ठेवली ते आत्ता विचारू नकोस. परवा डॉट आली होती, तिच्यासमोर ठेवली. तिनं चष्मा लावला, दोन नंबरचं कार्ड दोनदा वाचलं आणि म्हणाली, "लेलंड, हे काही बनवून लिहिलेलं नाही."

"चारही ग्लासांत एकच होती, डॉट. शेपू कुठून येणार?"

"शेपू, पुदिना, आणि मागून ओल्या दगडाचा वास. जीनला पुरून आलो त्या दिवशी एमेटनं आणलेली राय. हेच शब्द तो तेव्हा बोलला होता. मला हसायला येत नव्हतं आणि तो म्हणाला, यात शेपू आहे डॉट, तुझ्या लोणच्याच्या बरणीतला. तेव्हा हसले मी." मग तिनं चष्मा काढून पुसला.

चामड्याचं कार्ड मी ओळखलं. माझा मुलगा सैन्यातून परत आला त्या दिवशीची बर्बन. तू तिला "घोड्याच्या खोगिराला मध लावलाय" म्हणाला होतास आणि माझा मुलगा, जो चार दिवस कुणाशी बोलला नव्हता, तो म्हणाला होता, "एमेटकाका, तुम्ही खोगीर चाटलंय कधी?" उरलेली दोन कार्डं आम्हाला ओळखता आली नाहीत. ती बहुधा तुझी आणि रूथची असतील.

म्हणजे तू आम्हाला फसवत नव्हतास. तुला कसलाच वास येत नव्हता, म्हणून तू एकेका ग्लासापुढे बसून एकेक जुनी बाटली आठवत होतास. आणि मी पिशव्या काढल्या.

तिकडे काही लागलं तर कळव. काय लागणार म्हणा. तरी कळव.

लेलंड


१६ सप्टेंबर

एमेट,

वेन्डलकडे जाऊन आलो. आधी जायला हवं होतं, पण पाय उचलत नव्हता. ऑफिसात बसून त्यानं मला कॉफी दिली आणि मी त्याला सांगितलं की ती माझी बदमाशी होती, चारही ग्लासांत एकच ओतली होती, अशा वेळी कुणीही फसेल.

तो म्हणाला, "लेलंड, फादर फसले ते प्रश्नचिन्ह टाकून फसले. एमेटनं शेपू लिहिलं. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ज्यांच्या नाकावर मी पिंप फोडायचं की आणखी दोन वर्षं ठेवायचं ते ठरवतो, त्यांना वासच येत नसेल तर काय करू?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, "त्याला नुसतं नाक नाही. कुठल्या मजल्यावरचं पिंप उन्हाळ्यात किती तापतं ते त्याला ठाऊक आहे. पश्चिमेच्या भिंतीलगतची पिंपं तो हातानं चाचपून सांगायचा."

वेन्डल म्हणाला, विचार करतो. करणार नाही. चेहऱ्यावरून कळलं. तुला खोटी आशा लावत नाही. फक्त मी गेलो होतो हे तुला माहीत असावं.

६ ऑक्टोबरला त्यांच्याच गोदामात आपलं पिंप निवडायचंय. डॉट म्हणाली, "एमेटशिवाय मी येत नाही." फादर म्हणाले की पिंप कुणासाठी थांबत नाही, आणि लगेच डॉटची माफी मागितली. शेवटी जायचं ठरलं. तू येशील का, असं विचारायचं धाडस मला होत नाही, म्हणून तारीख तेवढी कळवतोय.

कॅरोलिननं फोनवर सांगितलं की तू माझी पत्रं वाचतोस. दोनदा वाचतोस म्हणाली. एवढ्यावर मी आठवडाभर जेवलो बघ.

लेलंड


७ ऑक्टोबर

एमेट,

काल पिंप निवडलं. आज रविवार, चर्चमधून येऊन सरळ लिहायला बसलोय. नॉर्माला सांगितलं की हे पत्र तू वाचायचं नाहीस. ती "बरं" म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

गोदाम तू असताना असतं तसंच होतं. तीन पिंपं काढून ठेवली होती, तीन ग्लास, वेन्डलचा माणूस नळी घेऊन उभा. फादरनं तिन्ही चाखल्या. डॉटनंही चाखल्या. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं त्या क्षणी सगळे तुझ्याकडे बघायचे. तू डोळे मिटायचास, सगळे गप्प, आणि मी तुझ्या बाजूला उभा राहून मनात म्हणायचो की एकदा, एकदाच, माझ्याकडे बघा.

काल बघितलं. आणि माझं चुकलंही नाही. तिसरं पिंप सरळ सरळ उजवं होतं. आधी भाजलेलं सफरचंद, मग लवंग, आणि गिळल्यावर बराच वेळ राहणारा मक्याचा गोडवा. मी म्हटलं, तीन नंबर. डॉट म्हणाली, "हो, तीन." फादर म्हणाले, "लेलंड, तुला हे इतकं कळतं हे आम्हाला इतकी वर्षं कळलंच नाही." हे ऐकायला मी एकोणीस वर्षं थांबलो होतो. आणि ते ऐकून मला त्या पिंपांमध्ये थांबवेना. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो.

आता जे लिहितोय ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नॉर्मालाही नाही. कबुलीच्या खोलीत गुडघे टेकून फादरलाही नाही, कारण जाळीच्या पलीकडे फादर ऑस्टिनच असतात आणि पहिल्या शनिवारी मला त्यांच्याबरोबर बसायचं असतं.

मला माहीत होतं.

फेब्रुवारीतला तो गुरुवार, तू डिस्टिलरीत जायला निघण्याआधीची सकाळ. नॉर्मानं तुझ्यासाठी सूप दिलं होतं. रूथ गेल्यापासून तू मागच्या दारानं येणाऱ्याला उठून दार उघडत नाहीस, म्हणून मी सरळ आत आलो. स्वयंपाकघरात गॅसचा इतका वास होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कॉफी उतू जाऊन ज्योत विझली होती आणि बटण पूर्ण उघडं होतं. तू चुलीपासून दोन हातांवर, टेबलाशी बसून पेपर वाचत होतास. मला म्हणालास, "ये लेलंड, कॉफी होतेयच."

मी बटण बंद केलं. खिडकी उघडली. "जरा हवा येऊ दे, कोंदट झालंय," म्हणालो. सूप ठेवलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघालो.

त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहितो, म्हणजे तुझा मित्र काय माणूस आहे ते तुला कळेल. पहिल्यांदा आलं, याचं नाक गेलं. दुसऱ्यांदा आलं, आता माझा नंबर. हा अजून थोड्या वेळानं मेला असता, हे तिसऱ्यांदा आलं, आणि तेही मी घरी पोचून बूट काढत होतो तेव्हा. तरी मी परत आलो नाही. कॅरोलिनला फोन केला नाही. माझ्या मित्राला गॅसचा वास येत नाही आणि तो घरात एकटा राहतो, हे मी पोटात ठेवून तीन आठवडे हिंडलो.

मग ३ मार्च आला. ती थट्टा नव्हती, एमेट. एप्रिलमध्ये मी तुला खोटं लिहिलं. मला ते सगळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं. चार ग्लासांची युक्ती मी आदल्या आठवड्यात ठरवली होती. तुझी कार्डं ठेवून घेतली तीही पुरावा म्हणून. जुलैत कॅरोलिनचं पत्र आलं तेव्हा मला नव्यानं कळल्यासारखं मी तुला लिहिलं. चिमटा खरा होता, रडणं खरं होतं. नव्यानं कळणं खरं नव्हतं.

माझी बाजू मांडायला माझ्याकडे काही नाही. मला तुझा हेवा वाटायचा. तो इतका जुना होता की तो हेवा आहे हेही मी विसरलो होतो. तुझ्यावर माझं प्रेम आहे हेही तितकंच जुनं आहे, पण त्या गुरुवारी ते कामाला आलं नाही.

यानंतर तू पत्रं वाचणं थांबवलंस तर मला समजेल. तिसऱ्या पिंपाच्या तुझ्या वाट्याच्या बाटल्या डॉट पाठवील. त्यावर माझं नाव नसेल.

लेलंड ग्रीनवेल


२५ ऑक्टोबर

एमेट,

तुझं पत्र काल आलं. सात महिन्यांत पहिलं. अर्ध्या पानाचं आहे, आणि मला ते आता पाठ आहे. नॉर्मालाही दाखवलं, माझं ते पत्रही तिला सगळं सांगितलं. ऐकून ती उठली. चुलीपाशी जाऊन चारही बटणं बघून आली.

तू लिहिलंस की हसण्याचं तुला फार काही वाटलं नाही. घर सोडलंस ते त्यामुळे नाही. त्या गुरुवारी माझा हात बटणाकडे गेलेला तू पेपरावरून पाहिलास. खिडकी उघडताना मी रुमाल नाकाला लावला तोही पाहिलास, आणि तेव्हा तुला कळलं की खोलीत काय भरलं होतं. माझी पाठ फिरल्यावर तू उरलेल्या खिडक्याही उघडल्यास आणि सूप टेबलावर तसंच राहिलं. त्या रात्रीपासून त्या घरात एकटं झोपायची तुला भीती वाटत होती. आणि तू लिहिलंस, "ते तोंडानं सांगायची मला लाज वाटत होती, लेलंड. पण तुला कळलंय हे मला दिसलं होतं. आता तू विचारशील, असं मला वाटलं. मी तीन आठवडे तुझी वाट बघितली. मार्चच्या शनिवारीही मी तेवढ्यासाठीच आलो होतो, की सगळे गेल्यावर तू विचारशील."

तू चार कार्डं भरून लिहीत होतास, तेव्हा सगळे जायची वाट बघत होतास. यापुढचं मला लिहिता येत नाही.

सोमवारी पहाटे निघतो. दहा तासांचा रस्ता आहे, नॉर्मा बरोबर येतेय. बाटली आणत नाही. नॉर्मानं हॅम घेतलंय, ते चावायला तरी बरं लागेल म्हणते. कॅरोलिनला कळवलंय. ती म्हणाली, "बाबा बागेत असतील, काका. या वेळी खरंच, पानं गोळा करतायत."

तू घरात गेलास आणि दार लावून घेतलंस तरी मी पायरीवर थोडा वेळ बसेन आणि परत येईन, तुला त्रास देणार नाही. पण मग ते विचारायचं राहून जाईल. म्हणून जे फेब्रुवारीत तुझ्या चुलीपाशी उभं राहून विचारायला हवं होतं, ते इथे विचारून ठेवतो.

एमेट, तुला वास येत नाही का रे? कधीपासून येत नाही? आणि इतके दिवस हे एकट्यानं कसं काढलंस?

लेलंड